कामगंध सापळ्याची वही आणि मोबाइलवरील शीट

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षातील आंतरवासितेसाठी मला यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातली शाळा मिळाली आणि आठवीच्या वर्गासोबत कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचा प्रकल्प करता आला. प्रकल्प पद्धतीचा अभ्यास आम्ही अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिक यांच्या १९१८ मधील निबंधापासून सुरू करतो. परंतु प्रत्यक्ष कामातून शिकण्याचा विचार विदर्भाला परका नाही, कारण महात्मा गांधींनी नई तालीमची कल्पना १९३७ मध्ये वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत मांडली होती. त्या विचारातील काम खरे आणि उपयोगाचे असावे हा आग्रह मला सर्वांत मोलाचा वाटतो. २०१७ मध्ये बोंडअळीने केलेल्या नुकसानीची चर्चा मुलांनी घरोघरी ऐकलेली होती, त्यामुळे विषय शोधण्यात वेळ गेला नाही.

बोंडअळीचा पुढे पतंग होतो आणि तो मोजण्यासाठी वावरात कामगंध सापळा लावतात. या सापळ्यातील ल्युअरला, म्हणजे आमिषाला, मादी पतंगासारखा गंध असतो आणि त्याकडे नर पतंग ओढले जातात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा त्याहून अधिक पतंग आढळले, तर उपाययोजनेची वेळ आली असे मानतात. म्हणजे एखाद्या दिवशीच्या मोजणीला फारसा अर्थ नसतो, सलग नोंदीला असतो. माझ्या मते प्रकल्पातले शिक्षण याच सलगपणात आहे, आणि डिजिटल साधनाची गरजही इथेच निर्माण होते.

मुले शाळेत येण्यापूर्वी वावरात जाऊन सापळ्याच्या पिशवीतील पतंग मोजत, आकडा वहीत लिहीत, आणि मधल्या सुट्टीत माझ्या मोबाइलवरील गूगल शीटमध्ये भरत. ही शीट ऑफलाइन वापरता येते, त्यामुळे नेटवर्क नसल्याची अडचण आली नाही. एकदा रात्रभर पाऊस झाल्याने एका गटाला वावरात जाता आले नाही. त्या दिवशीच्या चौकटीत शून्य लिहावे की ती रिकामी ठेवावी, यावर वर्गात बराच वाद झाला. आम्ही दोन्ही करून पाहिले. शून्य लिहिताच सरासरी खाली आली. चौकट रिकामी ठेवली, तेव्हा शीटने तो दिवस हिशेबातच धरला नाही. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, शून्य म्हणजे आपण पाहिलं आणि पतंग नव्हता.” मोजमाप आणि पुरावा यांविषयी मी पाठ टाचणात जे काही लिहिले होते, त्यापेक्षा हे वाक्य अधिक नेमके होते.

कामाच्या वाटणीसाठी ट्रेलो, म्हणजे कामांच्या चिठ्ठ्या रकान्यांत मांडणारे ॲप, वापरावे, असा माझा आधी विचार होता. वर्गात मोबाइल मात्र एकच, तोही माझा. त्यामुळे ‘करायचे’, ‘सुरू आहे’ आणि ‘झाले’ असे तीन रकाने भिंतीवरच्या मोठ्या कागदावर आखले आणि चिठ्ठ्या मुलांनीच हलवल्या. पद्धत तीच, परंतु कोणाचे काम कुठे अडले हे येता-जाता सर्वांनाच दिसत असे. जिथे प्रत्येकाच्या हाती उपकरण नाही, तिथे नियोजन भिंतीवर आणि आकडेमोड शीटमध्ये, ही विभागणी मला योग्य वाटते.

मूल्यमापनात मी अंतिम सादरीकरणापेक्षा नोंदवहीला अधिक गुण दिले, कारण तक्ता एका संध्याकाळीही सजवता येतो. आता शीटची प्रत शाळेच्या खात्यावर ठेवली आहे आणि तिच्यात सापळ्याची जागा, लागवडीची तारीख व पावसाचा दिवस असे रकाने वाढवले आहेत, म्हणजे पुढच्या वर्षीच्या आठवीला याच वावरांतील आकडे शेजारी मांडून तुलना करता येईल.