आमच्या वहीतला चौथा रकाना

“वहिनी, खरं सांग, महिन्याला किती वाचतात तुमचे? आणि सोलर बसवलंत की नाही अजून?” पुण्याची नणंद दर दोन-तीन महिन्यांनी फोनवर हे विचारते. कचेरीत डबा खाताना दोघी-तिघी विचारतात. एकदा तर शाळेच्या पालकसभेत एक बाई कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, “तुमचं घर म्हणे प्लास्टिकशिवाय चालतं!” चालत नाही हो. दुधाची पिशवी रोज येते, औषधांची पाकिटं येतात, आणि मागच्या पडवीला पावसाळ्यात निळी ताडपत्रीच लागते. पूर्वी भिंतींना झडीपासून वाचवायला माडाच्या चुडतांची मल्लं विणून लावायचे. आता विणणारे हात उरले नाहीत. ताडपत्री दोन पावसाळ्यांत फाटते आणि तिच्या निळ्या चिंध्या पोरसात (म्हणजे परसबागेत) सापडत राहतात. पण तुम्ही विचारलंत म्हणून जे आहे ते सांगते.

आम्ही गोव्यात प्रियोळला राहतो, जुन्या कौलारू घरात. नवरा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत, मी फोंड्याला कचेरीत, दोन मुलं आणि सासूबाई. सोलर नाही, कारण छपरावर दुपारी दोननंतर फणसाची सावली येते आणि सकाळी माडांची. २०२४ पासून केंद्राच्या योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं, हे मला नणंदेनेच तीनदा सांगितलंय. ज्यांना मोकळी गच्ची आहे त्यांनी जरूर बसवावं. आम्ही त्यासाठी फणस तोडणार नाही. विषय संपला.

पाच वर्षांपूर्वी आम्ही वीज, प्लास्टिक, पैसा वाचवायचं हे सगळं सुरू केलं तेव्हा पहिल्या वर्षी खर्च वाढला होता. कुणाला सांगितलं तर हसतात, पण तसंच झालं. मी बांबूचे ब्रश मागवले (केस त्यांचेही नायलॉनचेच निघाले), स्टीलच्या नळ्या घेतल्या, ज्या घरात कुणी नळीने काही पीत नाही त्या घरात. खताचा एक झकास ड्रम आणला. जुलैत त्यात ओलं साचून अशा अळ्या झाल्या की मुलगी आठवडाभर त्या बाजूला फिरकली नाही. मग संत्र्या-मोसंब्यांच्या सालींचं बायोएन्झाइम. गूळ एक भाग, साली तीन, पाणी दहा, आणि तीन महिने थांबायचं. पहिला महिनाभर झाकण रोज सैल करून आतला वायू सोडावा लागतो. आम्ही चवथीच्या गडबडीत चार दिवस विसरलो आणि बाटली रात्री फुटली. सासूबाईंना वाटलं कुणीतरी फटाका लावला. लादीपासून वाशांपर्यंत आंबूस वास, आणि पुसायला शेवटी दुकानातलंच फिनेल.

पहिली खरी बचत मुलाने केली. तेव्हा तो सहावीत होता. वीजमापकावर एक लाल दिवा लुकलुकतो, आणि आमच्या मापकावर ‘एका युनिटला ३२०० वेळा’ असं बारीक अक्षरात छापलंय, हे त्याने शोधलं. एका रात्री जेवणानंतर घरातले सगळे दिवे-पंखे बंद केले, फ्रीजचंही बटण बंद, आणि तो टॉर्च, घड्याळ घेऊन मापकाखाली बसला. दिवा तरीही लुकलुकत होता. मिनिटाला सहा वेळा. त्याने वहीत गणित केलं: तासाला ३६०, दिवसाला २.७ युनिट, महिन्याला ८१. काहीही न वापरता! मग एकेक स्विच पाडत गेलो. इन्व्हर्टर काढला तशी सहाची दोन झाली. बॅटरी जुनी होऊन मेली होती आणि दिवसरात्र नुसती चार्ज होत बसली होती. म्हणजे महिन्याचे ५४ युनिट एक मेलेली बॅटरी खात होती. उरलेले दोन ठिपके सेट-टॉप बॉक्स आणि राउटरचे. रात्री झोपताना त्यांचं बटण बंद करायचं काम मुलाने स्वतःहून घेतलं, आणि अजून तोच करतो. फक्त मॅच असली की विसरतो.

पंख्यांचं नणंद नेहमी सांगते. जुना पंखा ७५ वॉटचा, नवीन, कमी वीज खाणारा बीएलडीसी तीसच्या आसपास. दिवसाला चौदा तास फिरला तर महिन्याला एका पंख्यामागे साधारण १९ युनिट वाचतात. खरं आहे. पण पुण्यापेक्षा आमच्याकडे वीज स्वस्त, म्हणून तिचा पंखा जितक्या लवकर फिटला तितका आमचा फिटत नाही. त्यामुळे जे दोन पंखे दिवसरात्र फिरतात तेवढेच बदलले. पाहुण्यांच्या खोलीतला जुनाच आहे आणि पाहुणे वर्षातून दहा दिवस येतात. गोव्यात पंखा नुसत्या वाऱ्यासाठी नसतोच म्हणा. जुलै-ऑगस्टमध्ये कपडे त्याच्याखालीच वाळतात.

पण पैसे खरे वाचतात ते स्वयंपाकघरात, आणि तिथे नवीन काहीच नाही. पुरुमेंत. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, पण गोष्ट त्यांच्याही आधीची असणार: पावसाळ्याची बेगमी. एप्रिल-मेमध्ये मिरची किलोवर घ्यायची, उकड्या तांदळाचं पोतं, मीठ लावून चिंचेचे गोळे, मिठातली तोरं (कच्चे आंबे), लाल माती लावून वाळवलेली बिकणं (फणसाच्या आठळ्या), सुके बांगडे, गालमो (सुकी बारीक कोळंबी). १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, मासे मिळतात ते महाग. त्या दोन महिन्यांत गालम्याची किसमूर आणि सोलांची कढी यावर घर चालतं, आणि कुणाची तक्रार नसते. एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. पुरुमेंताला पैसे एकरकमी लागतात, आणि तेही नेमके मेमध्ये, जेव्हा शाळेची वह्या-पुस्तकं दारात उभी असतात. पहिल्या वर्षी मी बचतीसाठी उसने घेतले! तेव्हापासून जानेवारीपासून एका डब्यात दर महिन्याला थोडे टाकते. तो डबा नसेल तर पाव-पाव किलोची पाकिटं आणावी लागतात, आणि गरिबाला वस्तू महाग पडते ती अशीच.

माशांना मी स्टीलचा झाकणाचा डबा नेते. पहिल्यांदा नेला तेव्हा नुस्तेकान्न, म्हणजे मासेवाली, म्हणाली, “डबो कित्याक गे बाय? पिशवी आसा न्हय!” दुसऱ्या खेपेला ती तराजूवर आधी रिकामा डबा ठेवायला शिकली, तिसऱ्या खेपेला दोन वेलयो जास्त टाकल्या. माझ्यासाठी नव्हे, तिची पिशवी वाचली म्हणून. आणि बसमध्ये माशाचं पाणी पायावर गळत नाही, हा फायदा कुठल्याही हिशोबात बसणार नाही. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी सायकलवर येतो, त्याच्यासाठी गेटला कापडी पिशवी अडकवलेली असते. हॉर्न वाजला की मुलगी धावते. पोळी (इकडे हाही पावच) घरात येईपर्यंत अर्धी झालेली असते.

आता त्या वहीचं. सुरुवातीपासून आमच्याकडे एक साधी वही आहे. तारीख, काय केलं, किती वाचले. मुलगी चौथीत असताना तिने पट्टीने एक चौथा रकाना आखला आणि वर लिहिलं: ‘कोण’. तिला तिच्या पावाच्या पिशवीचं श्रेय हवं होतं, दुसरं काही नाही. आम्ही हसलो आणि भरत गेलो.

दिवाळीत हिशोबाला बसलो तेव्हा तिनेच मोजलं. पन्नास नोंदी. आजी २२, आई १९, दादा ४, बाबा ३, मी २. नवरा थोडा वेळ वहीकडे बघत बसला. मग म्हणाला, “मीटरचं मी नव्हतं का केलं?” मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही टॉर्चचे सेल आणून दिलेत.”

मला हसू आलं, पण रात्री झोप लागेना. पाणी तापवायला आमच्याकडे न्हाणीत तांब्याचं भाण होतं, चुलीवर बसवलेलं. नारळाची सोडणं, करवंट्या, सुकी चुडतं, सगळं पोरसातलं, फुकट. वहीत मी त्याच्यापुढे दर महिन्याला ऐटीत ‘गीझरचे इतके वाचले’ लिहीत होते. पण साडेपाचला उठून त्या धुरात फुंकणी फुंकत कोण बसायचं? सासूबाई. त्यांचे डोळे सकाळभर लाल असायचे. आम्ही ते ‘आईंना सवय आहे’ म्हणून सोडून देत होतो. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “तुम्हांला आवडतं ना ते पाणी.” आवडतं हे खरंच होतं. त्या पाण्याला धुराचा एक वास असतो.

आठ दिवसांत गीझर बसवला. दोन हजार वॉटचा, सकाळी पंधरा मिनिटं, म्हणजे महिन्याला पंधरा युनिट. वहीत उलट्या बाजूला लिहिले. भाण आता फक्त नरकचतुर्दशीला पेटतं, पहाटे नरकासुर जाळून मुलं काळवंडून येतात तेव्हा, आणि त्या दिवशी फुंकणी नवऱ्याच्या हातात असते.

त्यानंतर घरात एक रीत पडली. कुठलीही नवी काटकसर सुचली की आधी चौथा रकाना भरायचा. नाव लिहिता येत नसेल, किंवा पुन्हा पुन्हा तेच नाव येत असेल, तर ती काटकसर बाद. रिठ्यांनी कपडे धुणं बाद झालं. घरी साबण बनवणं सुरू व्हायच्या आधीच बाद. खत मात्र राहिलं, कारण ते नवऱ्याने घेतलं. त्याने तो ड्रम कुणाला तरी देऊन टाकला आणि माडाच्या आळ्यात खड्डा केला: एक थर ओला कचरा, वर सुका पाला, त्यावर उलटी सोडणं. सोडण पाणी धरून ठेवतं, वरून झाकतंही. अळ्या अजून होतात, पण माडाला त्याचं काही वाटत नाही.

विहिरीचंही त्याने केलं. आमचं छप्पर साधारण शंभर चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी, आणि इकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. म्हणजे तीन लाख लिटर! या आकड्याने आम्ही दोघंही भारावलो होतो. पन्हळी लावल्या, पहिल्या पावसांचं पाणी बाहेर सोडून पुढचं गाळून विहिरीत घेतलं. विहीर जुलैतच काठोकाठ. पण जांभा दगड तो, चाळणीसारखा. पाणी जितक्या लवकर घेतो तितक्याच लवकर खाली सोडतो. पूर्वी मेमध्ये दोन टँकर लागायचे, आता एक लागतो. पन्हळींचा खर्च फिटायला किती वर्षं लागतील ते मी मोजलेलं नाही, आणि नवऱ्याने मोजू दिलेलं नाही.

तर नणंदेच्या प्रश्नाचं उत्तर. विजेचे महिन्याला ३१० युनिट होते, आता २३०च्या आसपास असतात. बॅटरीचे ५४ आणि पंख्यांचे ३८ गेले, गीझरचे १५ आले. त्याचे पैसे होतात काही शे रुपये. स्वयंपाकघर, पुरुमेंत आणि न घेतलेल्या वस्तू धरून सगळे मिळून अडीच-तीन हजार, बरा महिना असेल तर. या आकड्यावर नणंद गप्प होते. तिला बहुतेक दहा हजार ऐकायचे असतात.

आणि काही महिने बरे नसतात. २०२५ साली पाऊस मेमध्येच गोव्यात येऊन बसला. आम्ही भिरंडं (कोकमाची फळं) फोडून, बिया वेगळ्या काढून (त्यांचं भिरंडेल होतं, टाचांच्या भेगांना त्यासारखं काही नाही), सालींना मीठ आणि रस चोळून अंगणात दोन चटयांवर पसरली होती. रोज रसात बुडवायची, रोज उन्हात. तिसऱ्या रात्री चारच्या सुमाराला कौलांवर टपटप सुरू झालं. सगळे उठलो. नवरा टॉवेलवर धावला, मुलाने एक चटई तशीच गुंडाळून पडवीत ओढली, मुलगी छत्री घेऊन आजीच्या डोक्यावर धरून उभी, आणि आजी पावसात उभी राहून “आधी ती, आधी ती!” म्हणून दुसऱ्या चटईकडे बोट दाखवत होती. दुसरी वाहून गेली. सकाळी बघितलं तर सालं पार तुळशीवृंदावनापर्यंत पसरली होती, लाल-लाल.

पहिल्या चटईतली पंख्याखाली वाळवली. दोन रात्री पंखा पूर्ण वेगावर. त्यांतली अर्धी बुरसली. मग म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सोलं विकत आणली, अर्धा किलो. मुलीने वहीत खर्चाच्या बाजूला लिहिली, आणि ‘कोण’च्या रकान्यात लिहिलं: पाऊस.