चटणी सातच्या आत

आमच्या घरात सकाळी सात ते सव्वासात मिक्सर लावायला बंदी आहे. दुपारी एक ते चारची ती जगप्रसिद्ध शांतता वेगळी, ही आमची घरगुती. सासूबाईंचा ट्रान्झिस्टर ओट्याच्या कोपऱ्यात, खिडकीच्या गजाला बांधलेल्या वायरसकट, 792 किलोहर्ट्झवर मुक्कामाला आहे. मीडियम वेव्ह आणि मिक्सर यांचं जन्माचं वैर. बटण दाबलं की पुणे केंद्र खरखरीत बुडालंच. म्हणून चटणी, वाटण, काय असेल ते सातच्या आत उरकायचं. सहा पंचावन्नच्या संस्कृत बातम्यांवर मी बिनदिक्कत खोबरं वाटते. ‘इयम् आकाशवाणी’च्या पुढे मला आजवर काहीही ऐकू आलेलं नाही आणि त्याबद्दल घरात कोणाची तक्रार नाही.

सात पाचच्या प्रादेशिक बातम्यांना मात्र सगळं चिडीचूप लागतं. सुधा नरवणे द्यायच्या तशा बातम्या आता कोणी देत नाही, असं सासूबाईंचं मत आहे आणि ते त्या रोज ऐकवतात, बातम्या चालू असतानाच. 2023च्या जूनमध्ये हा वृत्तविभागच पुण्यातून छत्रपती संभाजीनगरला हलवायचं ठरलं होतं. गावभर ओरड झाली, मग स्थगिती आली. “तिथं बसून यांना टेमघर धरण कुठल्या अंगाला आहे ते तरी कळणार होतं का?” हा आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, सवाल अजून अनुत्तरित आहे.

मिक्सरला बंदी घालता येते, कुकरला नाही घालता येत. डबे साडेसातला निघतात. आणि कुकरला आकडे कळतात अशी माझी पक्की खात्री आहे. “खडकवासला धरणातून मुठा नदीपात्रात...” इथवर नीट येतं, पुढे शिट्टी, आणि शिट्टी ओसरते तेव्हा “क्युसेक वेगानं विसर्ग सुरू आहे”. किती क्युसेक? आई माझ्याकडे बघतात, मी कुकरकडे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर, एवढं मला पाठ आहे. पण किती ते कळल्याशिवाय त्या 28 लिटरचं करायचं काय?

2025च्या जूनचा शेवटचा आठवडा मी असाच अर्धामुर्धा ऐकला. पाऊस 26 मेलाच पुण्यात येऊन बसला होता, त्यामुळे धरणांचा विषय लवकर लागला. रविवारी पालख्या पुण्यातून निघाल्या. सोमवारी सकाळी इराणवर अमेरिकेनं टाकलेले बॉम्ब आणि माउलींनी ओलांडलेला दिवे घाट या दोन बातम्या एकाच आवाजात, एकाच संथ लयीत आल्या. मला रेडिओचं हे फार आवडतं. टीव्हीवर बॉम्बला लाल पट्टी मिळाली असती, सासवडचा मुक्काम खालच्या सरकत्या ओळीत गेला असता. इथं दोघांना सारखीच दोन वाक्यं. मंगळवारी युद्धविराम. बुधवारी जेजुरीत पालखीवर उधळलेला भंडारा, आणि लीड्सला आपण हरलेली कसोटी. पंतची दोन्ही डावांतली शतकं वाया गेली म्हणून आमच्याकडे डबा न घेताच एक जण ऑफिसला गेला.

आतल्या खोलीत याच वेळी लेकीचा एफएम सुरू असतो. तिथं इराण नाही, लीड्स नाही. “विद्यापीठ चौकात काय परिस्थिती आहे, सांगा मला पुणेकर!” असं एक मुलगा अशा आनंदानं ओरडत असतो की जणू कोंडी त्यानं स्वतः घडवून आणलीये. मी आधी नाकं मुरडायची. मग कुठेतरी वाचलं की खासगी वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही. फार तर आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावायच्या. पण 2011च्या धोरणात सरकारनं एक यादी केली आहे. वाहतूक, हवामान, पाणी, वीज, परीक्षा, प्रवेश, सण-उत्सव: हे सांगितलं तर चालेल, कारण ह्या बातम्या धरल्या जाणार नाहीत.

आता पुण्यात राहणाऱ्या माणसानं काय म्हणायचं? आमच्या सोसायटीत गुरुवारी पाणी नाही, ही बातमी नव्हे! मग बातमी कशाला म्हणतात? दिल्लीत कोण कोणाला भेटलं ते न कळल्यानं माझं आजवर काही अडलेलं नाही. पाणी बंदची सूचना शिट्टीत हरवली तेव्हा मात्र पाहुण्यांना आम्ही बिसलेरीनं पाय धुवायला लावले होते.

गुरुवार 26 जून. त्या दिवशी रेडिओकडे सांगायला इतकं होतं की मी गॅस बारीक केला. आदल्या दिवशी शुभांशु शुक्ला अवकाशात गेले होते, राकेश शर्मांनंतर 41 वर्षांनी आपला माणूस. बालगंधर्वांची जयंती, आणि त्यांच्या नावाच्या रंगमंदिराला 57 वर्षं पूर्ण. माउलींच्या पादुकांना नीरा स्नान. आणि आणीबाणीला पन्नास वर्षं.

आईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्या दिवशीची सकाळ त्यांनी रेडिओवरच ऐकली होती, वाड्यातल्या मधल्या खोलीत, माझे यजमान तेव्हा पाळण्यात. इंदिराबाई हिंदीत म्हणाल्या, राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली आहे, घाबरून जायचं काही कारण नाही. “माझ्या सासूबाईंना हिंदी येत नव्हतं,” आई म्हणाल्या. “मी मराठीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, घाबरू नका म्हणतेय ना? मग आधी रॉकेल भरून आण.” आणि आई खरंच डबा घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. रांगेत दुसरं कोणीच नव्हतं. बाकीच्यांच्या सासवांना हिंदी येत असावं.

मी हसले आणि तेवढ्यात शुक्लांचं यान स्थानकाला किती वाजता जोडलं जाणार ते निसटलं. लेकीला विचारलं तर ती म्हणाली, “आई, मोबाइलवर बघ ना.” बघता येतं. रोजच सगळं बघता येतं, विसर्गसुद्धा. पण मग संध्याकाळी जिन्यात भेटल्यावर समोरच्या काकूंना काय विचारायचं? त्यांचा कुकर आमच्यानंतर दहा मिनिटांनी लागतो. त्यांना आकडे ऐकू येतात, पुढचं वाक्य निसटतं. आमचं बरोबर उलटं.

शुक्रवारी चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, एवढंच लक्षात आहे. आठवडाभर मराठी शाळांत पहिलीपासून हिंदीचा वाद धुमसत होता. रविवारी संध्याकाळी ते आदेश रद्द झाले, आणि सोमवारी सात पाचला ही बातमी अथपासून इतिपर्यंत एकही शब्द न गळता ऐकू आली. आई खूश. मीही. इतकी शांतता कशी म्हणून मी वळून पाहिलं.

कुकरला शिट्टीच लावलेली नव्हती.