सत्काराला उत्तर

ठाण्यात संध्याकाळी कुठे ना कुठे कुणाचा तरी सत्कार चालू असतो. गडकरी रंगायतन असो, सहयोग मंदिर असो की एखाद्या सोसायटीची गच्ची, जागा बदलते, शाल-श्रीफळ तेच. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी या सत्कारांची मानपत्रं लिहिते, आणि बऱ्याचदा सूत्रसंचालनही माझ्याच गळ्यात पडतं. माणसाचा स्वभाव बघायचा तर स्टेजच्या कडेला, माइकपाशी उभं राहावं. बँकेच्या काउंटरवरून जेवढा कळला नाही तेवढा इथे कळला.

मानपत्रासाठी परिचय लागतो. तो सत्कारमूर्तीच पाठवतात, स्वतःच लिहिलेला, पण तृतीयपुरुषी. 'सरांनी समाजासाठी आयुष्य वेचले' वगैरे. एका गृहस्थांना मी मसुदा पाठवला, तर रात्री फोन : "ताई, बाकी झकास झालंय. फक्त ते 'प्रसिद्धीपराङ्मुख' राहिलं बघा. शक्यतो पहिल्याच ओळीत घ्या." घेतलं. हेच गृहस्थ सत्काराच्या उत्तरात पंचवीस मिनिटं 'मी निमित्तमात्र' हा एकच विषय बोलले आणि निमित्त कसकसं घडलं ते सालवार सांगितलं.

कौतुक ऐकून घ्यायचं म्हणजे अवघडच काम आहे. नाही म्हणावं तर खोटं वाटतं, हो म्हणावं तर वाईट दिसतं. या कामात मला भेटलेला सगळ्यात पक्का गडी म्हणजे विन्स्टन चर्चिल, दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटनचा पंतप्रधान. (थांबा, कपाळाला आठ्या घालू नका. तिकडेही येणार आहे मी.)

30 नोव्हेंबर 1954 रोजी तो ऐंशी वर्षांचा झाला. आपल्याकडे या वयाच्या आसपास सहस्रचंद्रदर्शन करतात, तसाच तोही सोहळा. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये पार्लमेंटची दोन्ही सभागृहं जमलेली, आणि गौरवाचं भाषण करायला विरोधी पक्षनेते क्लेमेंट ॲटली. नऊ वर्षांपूर्वी याच ॲटलींनी निवडणुकीत त्याला सपाटून हरवलं होतं. त्या दिवशी त्याला भेट म्हणून दिलेलं तैलचित्र ग्रॅहम सदरलँड या चित्रकाराने काढलेलं होतं. खुर्चीत रुतलेला, थकलेला, रागावलेला म्हातारा. चर्चिलला ते मुळीच आवडलं नव्हतं. पण सगळ्यांसमोर तो एवढंच म्हणाला, की हा आधुनिक कलेचा लक्षणीय नमुना आहे, आणि यात जोर व सडेतोडपणा यांचा मिलाफ नक्कीच झालाय. सभागृह हसलं. चित्र घरी गेलं ते पुन्हा कुणाला दिसलंच नाही. त्याच्या बायकोने ते नष्ट करवलं होतं, ही गोष्ट तिच्या मृत्यूनंतर बाहेर आली. मला दर महिन्याला मिळणाऱ्या काचेच्या स्मृतिचिन्हांचं काय करायचं, याचा मार्ग त्या बाईंनी दाखवून ठेवलाय.

पण खरा दागिना पुढे आहे. युद्धात देशाला स्फूर्ती दिली ती यानेच, असं जो तो म्हणत होता. त्यावर तो जे म्हणाला त्याचा आशय असा : हे मी कधीच मान्य केलेलं नाही. सिंहाचं काळीज होतं ते लोकांचं. गर्जना करायचं काम मात्र नशिबाने माझ्या वाट्याला आलं. आणि पंजा नेमका कुठे मारावा, हेही मी सिंहाला अधूनमधून सुचवलं असेल अशी आशा आहे.

मी हे कितीदा तरी वाचलंय, आणि दरवेळी त्यातली कारागिरी बघून हसू येतं. आधी मोठेपण नाकारलं, मग ते लोकांना देऊन टाकलं, आणि शेवटी हळूच मागच्या दाराने निम्मं परत आणलं. त्यात खोटं काही नाही. विनय आहे, गर्वही आहे, आणि दोन्ही ऐकणाऱ्याला स्वच्छ दिसतात. आमच्या निमित्तमात्र काकांना नेमकं हेच जमत नाही. ते गर्व झाकायला जातात आणि तोच तेवढा दिसतो.

हा गुण वयाने आला म्हणावं, तर तसंही नाही. 1906 मध्ये एका मेजवानीत तो एका एकोणीस वर्षांच्या मुलीशेजारी बसला होता. व्हायलेट तिचं नाव, तिचे वडील ॲस्क्विथ पुढे पंतप्रधान झाले. आयुष्य किती थोडं आणि करायचं किती, यावर या तरुणाने लांबलचक बोलून घेतलं आणि शेवटी सांगितलं : आपण सगळे किडेच आहोत, पण मी काजवा आहे असं मला मनापासून वाटतं. तिने हे जन्मभर लक्षात ठेवलं. ठेवणारच.

स्वतःचा परिचय स्वतः लिहिण्याची हौस त्यालाही होती, आमच्या लोकांपेक्षा दांडगी. फरक इतकाच, की त्याने ती चोरून केली नाही. जानेवारी 1948 मध्ये तो पार्लमेंटमध्ये म्हणाला, की झालेल्या गोष्टी सगळ्याच पक्षांनी इतिहासावर सोडाव्यात हे बरं, विशेषतः तो इतिहास मी स्वतःच लिहिणार असल्यामुळे. आणि लिहिलाही, दुसऱ्या महायुद्धाचे सहा खंड. 1953 चं साहित्याचं नोबेलही घेतलं.

त्यातलाच 1945 च्या पराभवाचा किस्सा. निकालाच्या दिवशी जेवताना बायको म्हणाली, कदाचित या आपत्तीत वरदानच दडलेलं असेल. हा म्हणाला, सध्या तरी ते फारच बेमालूम दडलंय. घरात इतकं सुतक असताना असं बोलायला जिगर लागते.

आता त्या आठ्यांकडे येते.

1896 साली हा माणूस लष्करातला तरुण अधिकारी म्हणून मुंबईत उतरला. ससून डॉकच्या भिंतीतली लोखंडी कडी धरायला गेला, लाटेने नाव खाली गेली आणि त्याचा खांदा निखळला. तो खांदा त्याला जन्मभर छळत राहिला. तिथून तो रेल्वेने पुण्याला गेला, म्हणजे आमच्या ठाण्यावरूनच गेला असणार, दुसरी वाटच नव्हती. पुढे बंगळूरच्या क्लबात 13 रुपये थकवून गेला, ते वहीत बुडीत खाती पडले. हे वाचल्यावर माझ्यातली बँकवाली क्षणभर जागी झाली.

त्याच्या विनोदाचीही आपल्या बाबतीत तीच गत, बुडीत खाती. स्वतःकडे बघताना तो जितका लख्ख, तितकाच आपल्याकडे बघताना आंधळा. फेब्रुवारी 1931 मध्ये, गांधीजी व्हाइसरॉयना भेटायला गेले तेव्हा, हा भाषणात म्हणाला की मिडल टेंपलचा हा राजद्रोही वकील फकिराचं सोंग घेऊन अर्धनग्न अवस्थेत व्हाइसरॉयच्या वाड्याच्या पायऱ्या चढतो, हे किळसवाणं आहे. मिडल टेंपल आणि इनर टेंपल या लंडनमधल्या बॅरिस्टर घडवणाऱ्या दोन वेगळ्या संस्था, आणि गांधीजी बॅरिस्टर झाले होते ते इनर टेंपलमधून. एवढी साधी चौकशीही केली नव्हती. 1943 मध्ये बंगालात लाखो माणसं उपासमारीने मेली, आणि त्या काळात हा आपल्याविषयी काय बोलायचा ते त्याच्याच भारतमंत्र्याने, अमेरीने, रोजनिशीत टिपून ठेवलंय. तिथे कुणाला हसू येणार नाही. व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या रोजनिशीत जुलै 1944 ची एक नोंद आहे : विन्स्टनची चिडकी तार आली, गांधी अजून मेला कसा नाही म्हणून.

आणि नेमक्या त्याच जुलैत, 17 तारखेला, गांधीजी पाचगणीला दिलखुशा बंगल्यात बसून चर्चिलला पत्र लिहीत होते. तुरुंगातून सुटून दोनच महिने झालेले, तब्येत ढासळलेली. पत्राचा मतलब असा : नंग्या फकिराला चिरडून टाकायची आपली इच्छा असल्याचं कळतं. फकीर व्हायचा, त्यातही नंगा फकीर व्हायचा, मी फार दिवस प्रयत्न करतोय, ते जास्त कठीण आहे. म्हणून आपला शब्द मी गौरवच समजतो, आपल्या मनात तसं नसलं तरी. त्याच नात्याने आपल्याकडे आलोय, माझ्यावर विश्वास ठेवा, आपल्या आणि माझ्या लोकांसाठी माझा उपयोग करून घ्या.

पत्र मध्येच कुठेतरी गहाळ झालं, सप्टेंबरात नक्कल पुन्हा पाठवावी लागली.

सत्काराला उत्तर कसं द्यावं हे चर्चिलकडून शिकावं. पण शिवीलाच मानपत्र करून घेणारा हा फकीर एकच. चर्चिलला काजवा होणं पुरत होतं. या माणसाने किडा असणंच मन लावून साधलं होतं, त्याला डिवचणार कशाने?

परवा चरईतल्या एका काकांकडे गेले होते. पुढच्या महिन्यात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन, मानपत्र मी लिहितेय, आणि सत्काराला उत्तरही मीच लिहून द्यावं असा मुलाचा आग्रह. मी त्यांना चर्चिलचं सिंहाचं आणि गांधीजींचं फकिराचं, दोन्ही वाचून दाखवलं. काकांनी डोळे मिटून नीट ऐकलं. म्हणाले, "फकीर नको, घरचे घाबरतील. सिंहाचं घ्या. फक्त ते काळीज लोकांचं म्हणतात ना, ते माझंच राहू दे. लोकांना गर्जना द्या."