माछापुच्छ्रे उलटा दिसला तेव्हा

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला काळा कार्डपेपर चिकटवला आणि त्याला रुपयाच्या नाण्याहून लहान भोक पाडलं. अंधाराला डोळे सरावायला पाच-सात मिनिटं लागली. मग समोरची इमारत आमच्या भिंतीवर उलटी उमटली, गॅलरीत वाळत घातलेल्या साड्यांसकट. साड्या हलतानाही दिसत होत्या. तेव्हाच ठरवलं, पोखऱ्यातल्या मुलींना पहिला धडा कॅमेऱ्याशिवाय द्यायचा.

नोव्हेंबरअखेरीस मी आणि माझी मैत्रीण नेपाळमधल्या पोखऱ्याला १२ दिवस जाऊन आलो. एका वसतिगृहातल्या ११ मुलींना फोटोग्राफी शिकवायची होती. मुली डोंगरातल्या गावांच्या, घरची शेती तुटपुंजी, बहुतेकींचे वडील कतारला नाहीतर मलेशियाला कामाला. सोबत सहा जुने डिजिटल कॅमेरे नेले होते. ठाण्यातल्या ओळखीच्या घरांतून, कपाटात पडून राहिलेले, मागून आणलेले.

वर्गाची खिडकी उत्तरेला होती. सकाळचं ऊन समोरच्या हिमशिखरांवर पडलेलं. खिडकी झाकली, समोर पांढरी चादर धरली आणि सगळ्याजणी गप्प बसलो. हळूहळू चादरीवर निळं आकाश खाली आलं आणि माछापुच्छ्रे उलटा लटकला. माशाच्या शेपटीसारखं शिखर म्हणून त्याचं हे नाव, उंची ६,९९३ मीटर. रोज दारातून दिसणारा डोंगर, पण मुली चादरीला हात लावून बघत होत्या. ‘उज्यालो’, एकजण म्हणाली. आपला उजेडच! फळ्यावर मी ‘उजेड’ लिहिलं, तिने शेजारी ‘उज्यालो’ लिहिलं. दोन्ही भाषांची लिपी एकच, याचा पुढे फार आधार झाला. बोलणं मात्र मोडक्यातोडक्या हिंदीत.

पहिल्या दिवशी माझ्या हातून एक चूक झाली. मी माझा मोठा कॅमेरा काढून मुलींचेच फोटो काढत सुटले. बघता बघता वर्गाचा स्टुडिओ झाला, सगळ्या केस सारखे करून उभ्या राहिल्या. शिकायला आलेल्या मुलींना मी पुन्हा बघण्याची वस्तू करून टाकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो कॅमेरा बॅगेतच राहिला. तुम्ही गेलात तर तो नेऊच नका.

दुसरी गोष्ट, कॅमेरे संध्याकाळी परत गोळा करू नका. शाळेला सुट्टी शनिवारी होती. एक मुलगी शुक्रवारी कॅमेरा घेऊन गावी गेली, तेव्हा आम्हा दोघींना धास्तीच होती. रविवारी कार्डात ५३ फोटो, सगळे म्हशीचे. सुरुवातीला नुसती पाठ, शेपूट, हललेलं शिंग. मग ती गोठ्याच्या दाराशी सरकल्याचं कळतं, उजेड बाजूने येऊ लागतो, आणि शेवटच्या काही फोटोंत म्हशीच्या डोळ्यात दाराची चौकट स्पष्ट दिसते. वडील परदेशी गेल्यावर घेतलेली म्हैस, त्यांनी ती पाहिलीच नव्हती. फोटो त्यांना पाठवायचा होता. ‘बाजूचा उजेड’ हा धडा मी त्यानंतर शिकवला, तिच्याच फोटोंवरून.

आता जाणाऱ्यांसाठी. आम्ही गोरखपूरपर्यंत रेल्वेने, तिथून सोनौली, सीमा पायी ओलांडून भैरहवा आणि पुढे बसने गेलो. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवंच, आधारवर विसंबू नका. विमानाने गेलात तर सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवा. इतके कॅमेरे कशाला, हा प्रश्न येणार, म्हणून यजमान संस्थेचं पत्र आणि कॅमेऱ्यांची यादी जवळ असू द्या. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा. पावसाळ्यात डोंगर ढगात असतात आणि दसैं-तिहारला, म्हणजे तिथल्या दसरा-दिवाळीला, शाळा बंद असतात, तेव्हा त्यानंतरचे आठवडे धरा.

जागा निवडताना मात्र घाई नको. ‘अनाथालय’ म्हणवणाऱ्या कित्येक ठिकाणच्या मुलांचे आईवडील हयात असतात. पाहुण्यांच्या देणग्यांसाठी मुलं घरापासून दूर ठेवली जातात, हे नेपाळमध्ये घडलेलं आहे. पैसे भरले की दुसऱ्या दिवशी मुलांमध्ये सोडणाऱ्या संस्थेकडे फिरकू नका. आमच्याकडून आधी पोलिसांचा दाखला मागितला गेला, तेव्हाच आम्हाला विश्वास वाटला. वसतिगृहातल्या एका ताईंना पहिल्या दिवसापासून वर्गात बसवलं. कॅमेरे आणि चार्जर त्यांच्याकडेच ठेवून आलो.

प्रिंटसाठी पैसे वेगळे काढा. फोटो फोनवर दाखवणं आणि हातात देणं यात फार फरक आहे. प्रत्येकीला तिचे दहा प्रिंट दिले. ठाण्यात सोसायटीच्या हॉलमध्ये लावायला कोणते चालतील, ते त्यांनीच निवडलं. एकीने सगळ्यांना नाही म्हटलं. तिचा एकही फोटो आम्ही आणला नाही, त्यामुळे भिंतीवर दहाजणींचेच आहेत. म्हशीचा आहे, पण वडिलांना प्रिंट पोचल्याचं कळल्यावरच तो लावला.