आजीचा प्रश्न

मे महिन्यात वेंगुर्ल्याला घरी गेले, तेव्हा मोबाईलवरचा एक व्हिडिओ आजीला दाखवला. काचेच्या बशीत, शिरेशिवाय वाढवलेले कोंबडीच्या गर्भाचे स्नायुतंतू. सूक्ष्मदर्शकाखाली ते लांबट नळ्यांसारखे दिसतात आणि मधूनच एखादा आपला आपण आखडतो. आजीने चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि विचारलं, "ह्येका शीर नाय म्हणतंस, मगे हलवता कोण?"

आपल्याकडे रक्तवाहिनीही शीर आणि मज्जातंतूही शीर. पण तिला मज्जातंतूच म्हणायचा होता ते लगेच कळलं, कारण गेली सहा वर्षं मी त्याच प्रश्नाभोवती काम करते आहे.

गर्भ आजीला नवीन नाही. खुडूक कोंबडी बसवायची तर टोपलीत पेंढा, त्यावर अंडी आणि कडेला लोखंडाचा खिळा, ढगांच्या गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून. आठवड्याभराने काळोख्या खोलीत ती एकेक अंडं बॅटरीपुढे धरायची. "ह्यात जीव आसा. ह्यात नाय." शिरांचं लालसर जाळं आणि मध्ये हलणारा काळसर ठिपका मी पहिल्यांदा पाहिला तो तिच्या हातात.

हलायला सुरुवात त्याच्याही आधी होते. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना दर दीड तासाला पेशींच्या पुंजक्यांची एक नवी जोडी तयार होत जाते. त्यांच्यातून निघालेल्या पेशी पुढे पायांत आणि पंखांत शिरतात, एकमेकींत मिसळतात आणि स्नायुतंतू बनतात. साडेतीन दिवसांच्या सुमारास गर्भाची मान पहिल्यांदा वाकते. स्पर्शाला प्रतिसाद देणं त्याला सातव्या दिवसाच्या आसपास जमतं. म्हणजे तीन-साडेतीन दिवस तो बाहेरचं काही न जाणवता हलत असतो. मेरुरज्जूतल्या चेतापेशी, म्हणजे ज्यांच्या धाग्यांची ही शीर बनते त्या, आपणहून संदेश पाठवतात आणि स्नायू हलतो. ही हालचाल औषधाने थांबवली, तर सांधे नीट घडत नाहीत. शिवाय ज्या चेतापेशी एरवी मरून गेल्या असत्या, त्यातल्या बऱ्याच जगतात. स्नायूचं घडणं शिरेवर अवलंबून आणि शिरेचं जगणं स्नायूवर. रीता लेव्ही-माँताल्चिनी यांनी युद्धकाळात तुरिनला आपल्या झोपायच्या खोलीत, शिवणाच्या सुया घासून केलेल्या हत्यारांनी, कोंबडीच्या गर्भावर याच विषयाचं काम केलं. त्या वाटेवरच्या पुढच्या शोधासाठी त्यांना १९८६ सालचं नोबेल मिळालं. अंडं फोडताना मला त्या सुया आठवतात.

मी ज्या प्रथिनावर काम करते त्याचं नाव ॲग्रिन. चेतापेशीचं टोक स्नायूला जिथे भिडतं, तिथे ते सोडलं जातं. मग स्नायूच्या पृष्ठभागावर विखुरलेले ग्राही, म्हणजे चेतापेशीचा ॲसिटाइलकोलीन हा रासायनिक संदेश टिपणारी प्रथिनं, त्या जागी गोळा होतात आणि स्नायूला संदेश ऐकू येऊ लागतो. ॲग्रिन हाती लागलं ते विजेचा झटका देणाऱ्या पाकटीच्या विद्युत अवयवातून. मॅकमॅहन या शास्त्रज्ञाचं आणि त्याच्या सहकाऱ्यांचं हे काम. तो अवयव म्हणजे रूपांतर झालेला स्नायूच, ग्राहींनी खच्चून भरलेला. लहानपणी किनाऱ्यावर रापण ओढली जात असताना अशी पाकट जाळ्यात आली की मोठी माणसं ओरडायची, हात लावू नका. हातभर झिणझिण्या आणणारा तो मासा पुढे आपल्या कामात येईल, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट. स्नायूही स्वतः ॲग्रिन बनवतो, त्याच जनुकापासून. पण त्या ॲग्रिनने ग्राही फारसे गोळा होत नाहीत. चेतापेशी तेच प्रथिन बनवताना त्यात छोटे तुकडे जोडते. सगळ्यात परिणामकारक तुकडा आठ अमिनो आम्लांचा. जवळपास दोन हजारांच्या साखळीत आठ! हे तुकडे जोडायचे की गाळायचे, ते चेतापेशींतली नोव्हा नावाची प्रथिनं ठरवतात.

हे बघायचं कसं, तर ग्राहींना चिकटणारं, रंगाने चमकणारं विष वापरून. आपल्या मण्याराच्या पूर्व आशियातल्या भाऊबंदाचं ते विष. मण्यार चावलेल्या माणसाच्या पापण्या का मिटू लागतात हे कोकणात वेगळं समजवावं लागत नाही. चेता आणि स्नायू यांच्यातलं बोलणं तुटतं. प्रयोगशाळेत त्याच घराण्यातल्या विषामुळे ग्राहींचे ठिपके अंधारात चमकतात.

एकदा तीन महिने माझे निकाल निरर्थक येत होते. ॲग्रिन न घातलेल्या बशीतही भरपूर ठिपके. मी पेशींना दोष दिला, रंगाला दिला, स्वतःच्या हातांना दिला. शेवटी लक्षात आलं, पेशींच्या खाद्यात जो गर्भाचा अर्क घालत होते तो अख्ख्या गर्भाचा होता, मेंदू आणि मेरुरज्जूसकट. शिरेचं ॲग्रिन मीच घालत होते, असा माझा संशय. अर्क बदलला आणि ठिपके खूपच कमी झाले. काही मात्र राहिले. ते स्नायूचे स्वतःचे.

आजीला मी एवढंच सांगितलं की बशीतला तंतू आपल्याच विजेने आखडतो, अंड्यातल्याला शीर हलवते. तिने थोडा विचार केला. "म्हणजे शीर येवच्या आधी तो वाट बघता?"

२००१ साली उंदरांच्या गर्भात हेच दिसलं. शीर पोचायच्या आधीच स्नायूच्या मधल्या पट्ट्यात ग्राही गोळा झालेले असतात. शीर येते आणि त्यातले काही पक्के करते. मी म्हटलं, "होय गे आजी, बघता."

पडवीत कोंबडी बसली होती. तिचा अकरावा दिवस होता आणि स्नायूच्या पेशींसाठी मी नेमकी अकराव्या दिवसाची अंडी फोडते, हे आजीला मीच सांगून बसले होते. तिने उठून टोपली जरा आत सरकवली. "ह्येंका हात लावू नको हां."