बीचच्या रानात उजेड कधी असतो

बडोद्याची मराठी मंडळी लेक-जावयाकडे किंवा मुलाकडे लंडनला जातात ती बहुधा इथल्या शाळांना सुट्टी लागल्यावर, मे अर्धा सरताना. हवा छान, दिवस मोठा, सगळं खरं. पण इंग्लंडचं बीचचं (समुद्रकिनारा नव्हे, beech नावाचं झाड) रान बघायचं असेल तर ही वेळ चुकीची आहे. तिकीट एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याचं काढा.

आपल्या जांबुघोड्याच्या रानात साग, मोह, पळस उन्हाळ्यात पानं टाकून उभे असतात आणि खालचं सगळं पावसासाठी खोळंबलेलं असतं. दक्षिण इंग्लंडात पाण्याची ददात नाही. तिथे टंचाई उजेडाची. बीचला पालवी फुटते एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत, आणि ती एकदा दाटून आली की जमिनीवर शेकडा पाच भागही उजेड पोचत नाही अशा जागा कितीतरी सापडतात. शिवाय पाचोळा. बीचचं पान चिवट, कुजायला दोन-तीन वर्षं घेतं, त्यामुळे जमिनीवर कायमची जाड गोधडी पसरलेली. या दोन्हींतून ज्याला जगायचंय त्याने पालवीच्या आधी उरकून घ्यायचं, नाहीतर उजेडाशिवाय भागवायचं. या रानातलं बहुतेक सगळं याच हिशेबाने चालतं.

आधी उरकणाऱ्यांत पहिला वुड अॅनिमोन. मार्च-एप्रिलमध्ये पांढरी, ऊन पडलं की उघडणारी, ढग आले की मिटणारी फुलं. याचं बी क्वचितच रुजतं. जमिनीखालच्या खोडाने हे पसरतं, तेही शंभर वर्षांत सहाएक फूट. म्हणजे अॅनिमोनचा मोठा ताटवा दिसला की ते रान जुनं, असा अंदाज बांधायला हरकत नाही. त्याच्या मागून निळ्या फुलांची ब्लूबेल. जानेवारी-फेब्रुवारीतच कांद्यातून पानं वर येतात, एप्रिलच्या मध्यापासून फुलतात, आणि जूनपर्यंत सगळं वाळून पुन्हा कांद्यात. बियापासून फूल यायला पाचेक वर्षं लागतात. म्हणून फोटोसाठी ताटव्यात शिरणं हा तिथे मोठा अपराध समजला जातो, आणि योग्यच आहे: पान चिरडलं की त्या वर्षीचा अन्नसाठा कांद्यात जात नाही, आणि तुडवलेली पट्टी सावरायला कित्येक वर्षं जातात. पायवाटेवर बसून कॅमेरा खाली धरा, फोटोही जास्त चांगला येतो. रानातला कांदा उपटणं तर 1981च्या वन्यजीव कायद्यात बसतच नाही.

ब्लूबेल अस्सल आहे की बागेतून पळालेली स्पॅनिश, हे ओळखायचं तर फुलात डोकवा. अस्सल फुलातले पराग दुधी-पिवळसर, पान बोटभर रुंद, फुलं दांड्याच्या एकाच बाजूला आणि शेंडा वाकलेला, वास गोड. स्पॅनिशचे पराग निळे, पान दुप्पट रुंद, दांडा ताठ, फुलं चहूकडे, वास जवळजवळ नाहीच. दोघींच्या संकराने अधलीमधली झाडंही बरीच झाली आहेत. तिथे वाद घालत बसू नये.

आता खुद्द बीचचं झाड. साल राखाडी आणि गुळगुळीत, जुन्या झाडाचीसुद्धा. कळी तांबूस, दोन सेंटिमीटर लांब, सुईसारखी टोकदार आणि फांदीपासून सुटी, तिरपी. गफलत होते ती हॉर्नबीमशी: त्याची कळी फांदीला चिकटलेली आणि पानाची कड करवतीसारखी दातेरी. बीचच्या पानाची कड नुसती लाटेरी. मेच्या सुरुवातीचं कोवळं पान उजेडासमोर धरलं तर कडेने रेशमासारखी बारीक, चंदेरी लव दिसते. महिन्याभरात ती झडते आणि पान गडद, चकचकीत होतं. कोवळं पान चावून बघण्याजोगं असतं, आंबटसर लागतं. पानांना गोल-गोल छिद्रं दिसली तर घाबरू नका. बीचवरच्या एका बारीक सोंडकिड्याचं ते काम, झाडाला फारसा धोका नाही.

ही पातळ साल म्हणजे झाडाचं दुखणं. शेजारचं झाड पडून एकाएकी ऊन आलं तर ती भाजून फुटते. आणि खार. उत्तर अमेरिकेतली करडी खार 1876 मध्ये चेशायरात आणून सोडली, तेव्हापासून ती दहा ते चाळीस वर्षं वयाच्या बीचची साल मे ते जुलैत सोलते. सोललेली पट्टी बुंध्याभोवती पूर्ण फिरली तर वरचा शेंडा मरतो. अर्धी राहिली तर जखमेतून बुरशी शिरते आणि काही वर्षांनी वाऱ्यात झाड नेमकं तिथेच मोडतं. नव्याने बीच लावणाऱ्यांची खरी अडचण ही आहे, हवामान नंतर.

मुळंही उथळ. खडूच्या टेकड्यांवर मातीचा थरच वीतभर, खाली चुनखडी. 1976 च्या दुष्काळात पुष्कळ बीच मेले. 16 ऑक्टोबर 1987 च्या पहाटेच्या वादळात दक्षिण इंग्लंडात सुमारे दीड कोटी झाडं पडली. जमीन पावसाने भिजलेली, झाडांवर पानं अजून शाबूत, म्हणजे वारा अडवायला पूर्ण शीड उभारलेलं. ज्या जागा साफसूफ न करता तशाच सोडल्या तिथे पुढे रान बऱ्याच ठिकाणी अधिक चांगलं उगवलं. यंत्रं घालून स्वच्छ केलेल्या जागी मात्र माती दबली आणि उगवलेली रोपंही चिरडली.

मेमध्येच जाणं भाग असेल त्यांनी निराश होऊ नये. मेअखेर ते जूनअखेर चिल्टर्नच्या, म्हणजे लंडनच्या वायव्येकडच्या टेकड्यांच्या खडूवर, सर्वांत गडद सावलीत, बर्ड्स नेस्ट ऑर्किड शोधावं. हे उजेडाशिवाय भागवणारं. हिरवा रंग अंगात नाहीच; पानं नाहीत, दांडा आणि फुलं मधासारखी तपकिरी. वाळलेली काटकी समजून दहातले नऊ जण ओलांडून जातात. बीचच्या मुळांशी जोडलेल्या बुरशीकडून ते अन्न घेतं, म्हणजे शेवटी बीचचंच खातं. एक सापडलं की पाय तिथेच ठेवून आजूबाजूला बघा, बहुधा आणखी असतात.

बीचचे दाणे दरवर्षी येत नाहीत. मागचा उन्हाळा उबदार गेला की पुढच्या वसंतात मोहर भरपूर, आणि शरदात काटेरी चार पाकळ्यांच्या कवचात दोन-दोन तिकोनी दाणे, जमीन भरून. अशा वर्षाला तिथे मास्ट म्हणतात. मधली वर्षं रिकामी ठेवून खाणाऱ्यांची संख्या घटवायची आणि मग एकदम इतकं टाकायचं की खाऊन संपू नये, ही युक्ती. हल्ली उन्हाळे तापल्यामुळे मास्टची वर्षं वरचेवर येतात, झाडाझाडांतला मेळ सैल झाला आहे, आणि पतंगाच्या अळ्या जास्त दाणे पोखरतात. दाणा नखाने दाबून बघा; चेपला तर पोकळ. भरलेले असले तरी कच्चे मूठभर खाऊ नका, पोट बिघडतं. भाजून चार-सहा ठीक.

या दाण्यांवर ग्लिस ग्लिस नावाच्या प्राण्याचा संसार चालतो. दिसायला लहानशी करडी खार, शेपूट झुपकेदार. वॉल्टर रॉथस्चाइल्ड या धनाढ्य प्राणिसंग्राहकाने 1902 मध्ये चिल्टर्नमधल्या ट्रिंग गावाजवळ आणले, आणि अजूनही ते मुख्यतः चिल्टर्नच्याच परिसरात आहेत. वर्षातले सहा-सात महिने जमिनीखाली झोपतात, आणि दाणे नसलेल्या वर्षी पिल्लंच घालत नाहीत. घरांच्या माळ्यावर शिरून वायरी कुरतडतात, तरी कायद्याने संरक्षित. परवान्याशिवाय पकडता येत नाही. हिवाळ्यात मास्टच्या वर्षी ब्रॅम्बलिंग या नारिंगी छातीच्या पाहुण्या पक्ष्याचे थवे दाणे टिपायला उतरतात. वर बघाल तर रेड काइट: आपल्या घारीच्याच वंशातली, पण अंग तांबूस आणि शेपटीला खोल खाच. इंग्लंडातून ती नाहीशी झाली होती; 1989 पासून मुख्यतः स्पेनहून आणून चिल्टर्नमध्ये सोडली, आता रस्त्यावरून जातानाही दिसते.

रंग बघायचा असेल तर ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरची सुरुवात, म्हणजे साधारण आपली दिवाळी. तेव्हाच पडलेल्या बीचच्या फांद्यांवर पोर्सेलिन फंगस येतं: पांढरं, ओलसर, इतकं पातळ की आरपार उजेड दिसतो. हात लावायला हरकत नाही, पण कुठलंही भूछत्र खाण्यासाठी तोडू नका. डेथ कॅप ही प्राणघातक जात याच झाडांखाली उगवते.

कुठे जायचं? स्लाऊ-हॅरोकडे राहणाऱ्यांना बर्नहम बीचेस सोयीचं. लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने हे 1880 मध्ये विकत घेऊन लोकांसाठी राखलं. इथली जुनी झाडं पोलार्ड आहेत: गुरांचं तोंड पोचू नये म्हणून दोन-तीन मीटरवर शेंडा छाटायचा, फांद्या सरपणाला न्यायच्या, दहा-वीस वर्षांनी पुन्हा. ही पद्धत बंद पडून जवळजवळ दोनशे वर्षं झाली, फांद्या अवजड झाल्या, बुंधे पोकळ. एकदम सगळं छाटलं तर बीच मरतो, जुन्या लाकडातून त्याला नवा कोंब सहजी फुटत नाही. म्हणून वर्षानुवर्षं थोडं थोडं, पानं राखून उतरवतात. ब्लूबेलसाठी मात्र अॅशरिजचं रान; ट्रिंग किंवा बर्कमस्टेड स्टेशनला रेल्वेने उतरून जायचं.

पायजमा-साडी नको, लांब पँट मोज्यात खोचलेली हवी, गोचीड चावते. घरी आल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, कानामागे तपासा, चिमट्याने मुळाशी धरून सरळ ओढा, आणि पुढच्या काही आठवड्यांत तांबडं वर्तुळ पसरताना दिसलं तर डॉक्टरकडे जा. वारा नसलेल्या कडक उन्हाच्या दुपारी जुन्या बीचखाली डबा उघडून बसू नका, मोठी फांदी काहीही न घडता सुटून पडते.