डबल बेल दिली तरी गाडी हलेना

काका माझ्याकडे आले तेव्हा कागदावर निदान आधीच लिहिलेलं होतं: पार्किन्सन. सहा महिने त्यावरच्या लेव्होडोपाच्या गोळ्या चालू होत्या, फरक शून्य. मी फिजिओथेरपिस्ट, म्हणून 'चालण्याचे व्यायाम' द्यायला माझ्याकडे पाठवलेलं. वय ७२, एसटीत कंडक्टर म्हणून ३४ वर्षं काढलेली. दारापासून खुर्चीपर्यंत यायला त्यांना इतका वेळ लागला, की मी मधल्या मध्ये एक फोन उरकला. बसता बसता तेच म्हणाले, "ताई, डबल बेल दिली तरी गाडी हलत नाही."

चालताना पाय फाकलेले, चवडे बाहेर वळलेले. माझी नजर तिकडे गेली तशा काकू लगेच म्हणाल्या, "चालत्या गाडीत तिकिटं फाडायची सवय. पहिल्यापासून तसेच उभे राहतात." मलाही ते पटलं. आता आठवलं की लाज वाटते. पार्किन्सनचा माणूस सहसा पुढे झुकून, पाय जवळजवळ ठेवून चालतो आणि त्याचे हात फारसे हलत नाहीत. काकांचे हात चांगले झुलत होते. दिसत सगळं होतं, पण मी आधी कागद वाचला होता.

माझ्या पॅसेजमध्ये फरशीवर पांढऱ्या टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या आहेत, एकेका पावलाच्या अंतरावर. चालताना पाऊल केवढं टाकायचं हे आपण ठरवत बसत नाही. त्याचा बराचसा भार मेंदूच्या आत खोलवर असलेले बेसल गँग्लिया परस्पर उचलतात. पार्किन्सनमध्ये तीच यंत्रणा ढेपाळते आणि पावलं आखडत जातात. पण समोर रेघ दिसली की मेंदू दुसरी वाट धरतो, डोळ्यांनी बघून मुद्दाम पाऊल उचलायची. दारात खिळून राहिलेला माणूस रेघ ओलांडून चालू पडतो. हे कितीदा तरी पाहिलंय, अजून कंटाळा आलेला नाही.

काकांनी पट्ट्या पाहिल्या, काय करायचं ते नीट समजून घेतलं आणि पट्ट्यांवरूनच पाय घासत गेले. मोबाईलवर ठोका लावून दिला, तरी तेच. तळवे फरशीला डिंकाने चिकटवल्यासारखे. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं, एवढ्याला ३८ सेकंद लागले. त्यात नुसतं वळायलाच नऊ पावलं.

मग मी काकूंना बाजूला घेऊन लघवीचं विचारलं. त्या जरा घुटमळल्या. "होतं कधीकधी. बाथरूमपर्यंत पोचतच नाहीत ना वेळेत." आणि विसरणं? "वय झालं की आता." थोडं थांबून म्हणाल्या, "भर गर्दीत तोंडी हिशेब करायचे हो. परवा भाजीवालीने सुट्टे दिले तर हातात धरून बघतच राहिले." काकूंकडे प्रत्येक गोष्टीचं कारण होतं. चालीचं एसटी, लघवीचं चाल, विसरण्याचं वय.

मला मात्र आता तिन्हींचं मिळून एकच कारण दिसायला लागलं होतं. कोलंबियाचे न्यूरोसर्जन सालोमोन हाकीम यांनी १९६५ मध्ये रेमंड ॲडम्स यांच्यासोबत हा आजार जगापुढे मांडला: मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये पाणी साठून त्या फुगतात, पण कमरेत सुई घालून (हेच पाणी पाठीच्या कण्यातही असतं) दाब मोजला तर तो नॉर्मल निघतो. नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस. निदान करणं माझं काम नव्हे. मी न्यूरॉलॉजिस्टना चिठ्ठी लिहिली: 'हात झुलतात, पाय फाकतात, पट्ट्यांचा उपयोग नाही.' एमआरआयमध्ये पोकळ्या फुगलेल्या निघाल्या.

थोडं पाणी काढून चाल सुधारते का ते बघायचं ठरलं त्या दिवशी मी रजा टाकून पुण्याला गेले. खरं तर माझी गरज नव्हती, पण स्टॉपवॉच माझंच हवं होतं. सकाळी कमरेतून ४० मिली पाणी काढलं, अर्ध्या कपाहूनही कमी. तासाभराने चालवलं: ३६ सेकंद. मनात म्हटलं, संपलं. काकू डबा उघडून बसल्या, काका झोपले.

दुपारी चार वाजता पुन्हा उठवलं. आधी फरक ऐकू आला. इतके दिवस त्यांच्या चपलांची खरखर यायची. आता टाच टेकल्याचा आवाज येत होता, एक, मग दुसरा. २१ सेकंद. वळायला पाच पावलं. माझा विश्वास बसेना, म्हणून परत चालायला लावलं. काका वैतागले, "किती फेऱ्या मारायच्या, ताई?"

चौथ्या दिवशी पुन्हा खरखर सुरू झाली. ते अपेक्षितच होतं. काढलेलं पाणी शरीर परत भरून काढतं. कायमचा उपाय शंटचा: मेंदूतलं जादा पाणी पोटात सोडणारी बारीक नळी. सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं. नळी कानामागून कातडीखालून मानेत आणि तिथून पोटात जाणार. काकांनी चित्र बराच वेळ पाहिलं. मग डोक्यावरची पांढरी टोपी काढून हातात धरली आणि विचारलं, "ही बसेल ना त्यावर?"